आस्कंदाला आवतण

“...आणि दूध?”

“घेतो.”

“जायफळ घालून?”

“सहाणेवर उगाळून. दोन वेढे.”

“पायाला?”

“गाईचं तूप. काशाच्या वाटीनं चोळतो. रोज अर्धा तास.”

“सवताचे पाय सवताच?”

“दुसरं कोण आहे आता...”

म्हाताऱ्या ठकूआईनं पुढचं विचारलं.

“हिंडतोस-फिरतोस?”

“सकाळी कोवळ्या उन्हात तासभर.”

“रातचं जेवण?”

“दिवेलागणीच्या आत. मुगाची खिचडी. चहा सोडला, टीव्ही सोडला. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवतो.”

“मंग निजत का नाहीस?”

सबनीस वैद्यांनी मान खाली घातली. हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना विचारला होता, आणि तेव्हा उत्तर त्यांच्याजवळ तयार असायचं.

इथं थोडं थांबून सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल हा कोणी साधाभोळा रोगी आहे.

दिगंबर सबनीस म्हणजे संगमनेरचे झोपेचे वैद्य. नाडी सगळ्यांचीच बघत, पण नाव झालं ते झोपेमुळे. गोळीशिवाय, सुईशिवाय, घरातल्या वस्तूंनी माणसाला कसं निजवावं यावर त्यांची व्याख्यानं व्हायची. ज्येष्ठ नागरिक संघात, महिला मंडळात, एकदा तर कोणाच्या तरी साखरपुड्यात. पुढच्या रांगेतली माणसं पेंगायची आणि वैद्यबुवा ते कौतुकच समजायचे. मी स्वतः त्यांच्या चाटणावर दोन वर्षं झोपलो आहे, तेव्हा त्यांची चेष्टा करायचा मला अधिकार आहे.

त्यांचे सात नियम होते. पहिला फार गाजला होता. अंथरूण झोपण्यासाठी आहे, बोलण्यासाठी नाही. पाठ टेकली की तोंड मिटायचं. संसाराच्या गप्पा माणसाची अर्धी रात्र खातात, असं ते म्हणत. पुरुष टाळ्या वाजवत.

त्यांच्या पत्नी प्रमिलावहिनी मागच्या रांगेत बसलेल्या असायच्या. त्या टाळ्या वाजवायच्या की नाही, हे मी कधी वळून पाहिलं नाही.

आषाढात वहिनी गेल्या. हृदय थकलं होतं. महिना-दोन महिने मिळतील, असं मोठ्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. शेवटच्या दिवसांत त्यांना झोप लागत नव्हती, म्हणून वैद्यबुवांनी आपली सगळी विद्या पणाला लावली. वहिनी झोपेतच गेल्या. लोक म्हणाले, पुण्यवान बाई, शांत मरण आलं.

त्या दिवसापासून झोपेच्या वैद्यांना झोप नव्हती. सात महिने.

माघात एका सकाळी एका बाईनं नाडी दाखवायला हात पुढं केला आणि सबनिसांना नाडी सापडेना. त्यांनी दुसरा हात मागितला. तिथंही सापडेना. बाईला वाटलं आपलंच काहीतरी भयंकर आहे, ती रडायला लागली. तिला कसंबसं समजावून त्यांनी दवाखान्याला कुलूप घातलं आणि अकोले गावाकडची एसटी धरली.

नाडी गेली म्हणजे वैद्यकी गेली. ती परत हवी तर झोप हवी. एवढं साधं होतं ते.

ठकूआई अकोल्याच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला, करवंदवाडीत राहायची. महादेव कोळी जमातीची म्हातारी, झाडपाल्याची जाणकार. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पस्तीस वर्षांपूर्वी नव्या पदवीचा कागद घेऊन सबनीस तिच्याकडं आले होते आणि तीन वर्षं राहिले होते. पुस्तकातली झाडं त्यांना जमिनीवर तिनं दाखवली. आता तिला दोन हातांपलीकडचं दिसत नव्हतं. झाडं ती वासानं आणि बोटांनी ओळखायची.

“माझं काही चुकत नाही,” सबनीस म्हणाले. “पथ्य चुकत नाही, वेळ चुकत नाही. खोटी असणार ती मुळी.”

“कुठली मुळी?”

“आस्कंदाची. व्यापाऱ्याकडून पोत्यानं येते. जुनी असते, किडकी असते. तिचा गुण गेलेला असणार. मला ताजी हवी, तुमच्या बांधावरची. म्हणून तर आलो.”

“चाटण आणलंस बरुबर?”

सबनिसांनी पिशवीतून काचेची बाटली काढली. बाटलीवर कागद चिकटवलेला होता आणि कागदावर त्यांच्याच अक्षरात नाव होतं. ते त्यांनी अंगठ्याखाली झाकलं. म्हातारीला वाचता येत नव्हतं आणि दिसतही नव्हतं. तरी झाकलं.

ठकूआईनं बोट बुडवून चाटलं. जीभ टाळूला लावून बराच वेळ चव घेतली.

“मध खरा हाय.”

“मध माझ्या ओळखीच्या माणसाकडचा.”

“वेलदोडा जरा जास्ती पडलाय.”

“तिला... वास आवडायचा.”

ठकूआईनं पुन्हा एकदा चाटलं आणि भिंतीला टेकली. सबनीस निकालाची वाट बघत बसले. मुळी किडकी आहे, एवढंच त्यांना तिच्या तोंडून ऐकायचं होतं. घटका गेली असेल नसेल, म्हातारी घोरायला लागली.

भर दुपारी, तोंड उघडं टाकून, ती तासभर घोरत होती. सबनीस समोर बसून बघत राहिले. पुढं हे सगळं सांगताना ते मला म्हणाले, आयुष्यात कुणाचा एवढा हेवा वाटला नव्हता.

जागी झाल्यावर तिनं तोंडावर पाणी मारलं.

“मुळी खरी हाय,” ती म्हणाली. “गुण कुठंबी गेलेला नाय.”

“तुला मुळी पायजेच?”

“हो.”

“मंग आज आवतण दे. उद्या सकाळी खण.”

आता या आवतणाचंही सांगतो. ठकूआईच्या घरात झाड असं जाऊन उपटत नसत. आदल्या दिवशी दिवस बुडायच्या आत झाडापुढं बसायचं. हळद लावलेले चार तांदळाचे दाणे ठेवायचे, चूळभर पाणी घालायचं आणि सांगायचं, उद्या तुला न्यायला येईन. कोणासाठी नेणार ते नाव सांगायचं. आणि त्या माणसाचं दुखणं सांगायचं, पण आपल्या शब्दांत नाही. रोगी जसं म्हणाला तसंच. तो म्हणाला, पोटात बेडूक उड्या मारतोय, तर झाडालाही बेडूकच सांगायचा. वात, पित्त, कफ काढायचा नाही. म्हणजे रोग्याचं नीट ऐकून आल्याशिवाय झाडापुढं बसताच येत नसे.

सबनिसांनी ठकूआईची सगळी झाडं घेतली आणि आवतण तिथंच ठेवून आले. व्याख्यानात मात्र ते आवतणाचा किस्सा रंगवून सांगत. आमची म्हातारी झाडांशी गप्पा मारायची, असं म्हणत. लोक पोट धरून हसत. मीही हसलो आहे.

“आवतण राहू द्या ना,” सबनीस म्हणाले. “झाडाला काय कळतं, ठकूआई.”

“झाडाला कळावं म्हणून देत्यात व्हय?”

तिनं डब्यातून तांदूळ काढले, हळदीत बोट बुडवलं आणि काठी घेऊन निघाली. सबनीस पाण्याचा तांब्या घेऊन मागं गेले. तिच्या पुढं पाऊल टाकायची पूर्वीही त्यांची हिंमत नव्हती.

बांधावर आस्कंद, म्हणजे पुस्तकातली अश्वगंधा, उभा होता. कंबरेएवढा, पानं पिवळी पडलेली, कागदासारख्या टोपणांत लाल फळं. खणायला अगदी योग्य वेळ. वैद्यांचे डोळे तेवढ्यापुरते चमकले.

“बस,” ठकूआई म्हणाली. “दाणे ठेव.”

ठेवले.

“पानी घाल.”

घातलं.

“नाव?”

“दिगंबर.”

“दुखणं?”

“अनिद्रा.”

“पुस्तकातलं नको. तुझ्या तोंडचं सांग.”

“झोप येत नाही.”

“हे समदीच म्हंत्यात. तुझं काय?”

सबनिसांना राग आला. चौसष्टाव्या वर्षी, तालुक्यात मान असलेल्या माणसानं, एका झुडपापुढं उकिडवं बसून परीक्षा द्यायची...

ठकूआई काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. तिला घाई नव्हती.

“डोळा लागत येतो,” अखेर ते म्हणाले. “अगदी लागत येतो. मग ती बोलते.”

“कोन? परमिला?”

“हो.”

“काय बोलती?”

“ऐकत नाही मी. उठतो. दिवा लावतो. चाटण घेतो.”

“ह्येच, मघाचं?”

“हेच.”

“कवा केलंस ते?”

“ज्येष्ठात. तिच्यासाठी केलं होतं. उरलंय... मीच संपवतोय.”

बाटलीवरच्या कागदावर ‘सौ. प्रमिला’ असं लिहिलं होतं. खाली मात्रा लिहिली होती, झोपण्यापूर्वी एक बोट.

ठकूआई हळूहळू खाली बसली. तिचे गुडघे वाजले.

“लगीन झाल्यावर आनली व्हतीस तिला हिकडं,” ती म्हणाली. “ध्यानात हाय माझ्या. भाकर थापायला बसली अन् अख्खं माहेर सांगितलं मला. भावाची खोड, बापाचा राग, कुत्र्याचं नाव. भाकर करपली तरी थांबंना.”

“बोलकी होती,” सबनीस म्हणाले.

“मागनंबी व्हती?”

पुढच्या वर्षांत ती कशी होती हे त्यांना आठवेना. घरात शांतता असायची आणि ती त्यांना आवडायची. एवढंच आठवत होतं.

“तिच्यासाठी चाटण केलंस, तवा आवतण दिलं व्हतंस?”

“नाही. मुळी पोत्यातली होती.”

“मंग आज दे. तिच्या नावानं.”

“ठकूआई... ती गेली.”

“नाव तर हाय की अजून.”

सबनिसांनी पुन्हा दाणे सारखे केले. एक दाणा लांब उडाला. तो शोधून त्यांनी परत ठेवला.

“प्रमिला,” ते झाडाला म्हणाले.

“दुखणं?”

“झोप येत नव्हती.”

“असं म्हनाली ती?”

“म्हणजे... रात्रभर जागी असायची. कुशी बदलायची. मला दिसत होतं.”

“तुला दिसलं ते नको. ती काय म्हनाली?”

खाली ओढ्याकडं कोणीतरी गुरांना हाका मारत होतं. त्या हाका थांबल्या. सबनीस झाडाकडं बघत होते.

“दिवस बुडंल,” ठकूआई म्हणाली. “सांग.”

“म्हणाली...”

“हं.”

“म्हणाली, मला आज झोप नको.”

ठकूआईनं मान त्यांच्याकडं वळवली.

“म्हणाली, आज झोप नको. थोडं बसा. एक सांगायचंय.”

“मंग?”

“मी पाय चोळत होतो तिचे. वाटी हातात होती. मी म्हटलं, उद्या सांग. बोललीस की झोप मोडते.”

“अन् ती?”

“गप्प बसली. मी बोट पुढं केलं. तिनं चाटण चाटलं. शहाण्यासारखं चाटलं... आणि झोपली.”

“एकच रात?”

“तीन रात्री म्हणाली. तिन्ही रात्री मी झोपवली. चौथ्या सकाळी उठलीच नाही. फार छान झोप लागली होती तिला, ठकूआई. मीच लावली होती.”

मग चौसष्ट वर्षांचे सबनीस वैद्य आस्कंदाच्या झाडापुढं बसून रडले. सात महिन्यांत ते पहिल्यांदा रडले. आम्ही मित्र त्यांना भेटायला गेलो होतो तेव्हा त्यांनी आम्हालाच शोक आणि पचन यावर चार गोष्टी समजावून सांगितल्या होत्या. आम्ही त्यांच्या धीराचं कौतुक करत घरी आलो. आम्हीही काही कमी गाढव नव्हतो.

ठकूआईनं त्यांना रडू दिलं. पाठीवर हात ठेवला नाही.

“काय सांगायचं असंल तिला?” बऱ्याच वेळानं तिनं विचारलं.

“कळलं नाही. कपाटं बघितली. तिच्या पर्सा बघितल्या. लेकीला विचारलं. तिलाही माहीत नाही.” त्यांनी उपरण्यानं नाक पुसलं. “कदाचित काहीच नसेल. दूधवाल्याचं काहीतरी असेल. तिला अशाच वेळी दूधवाला आठवायचा.”

“असंलबी.”

“पण तेही मला हवं होतं.”

ती उठली. आवतण झालं होतं.

जेवायला नागलीची भाकरी होती, उडदाचं पिठलं होतं. जेवण झाल्यावर ठकूआई ओट्यावर जाऊन बसली आणि हळू आवाजात बोलू लागली. आतून सबनिसांना वाटलं, शेजारची कोणी आली असेल. डोकावून पाहिलं तर ओट्यावर ती एकटीच होती. मधेच थांबायची, ऐकल्यासारखं करायची, मग हसून पुढं बोलायची.

म्हातारचळ, असं वैद्यांच्या मनात आलं. सवय वाईट. कोणत्या झाडाचा काढा द्यावा, इथपर्यंत त्यांची गाडी गेली.

ती आत आल्यावर त्यांनी जपून विचारलं, “कोणाशी बोलत होता?”

“चिंधूशी. थोरल्याशी.”

तिचा थोरला लेक चिंधू वीस वर्षांपूर्वी कड्यावरून मध काढताना पडून गेला होता. सबनिसांना ते माहीत होतं. त्याच्या दिवसांना ते आले नव्हते, कारण त्या आठवड्यात त्यांची चार व्याख्यानं होती.

“काय... म्हणतो?”

“गाय गाभन हाय का इचारत व्हता.” तिनं घोंगडी झटकली. “बोलतो जरा येळ अन् जातो. मंग मी निजती.”

आणि ती खरंच निजली. सबनिसांच्या त्या रात्रीचं काही सांगत नाही. ती सात महिन्यांतल्या बाकीच्या रात्रींसारखीच गेली. फरक एवढाच की बाटली पिशवीत होती आणि पिशवी खुंटीला होती, आणि ते दोनदा पिशवीपर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी बोट बुडवलंच.

सकाळी ते तिच्याआधी बांधावर गेले. गवतावर दहिवर पडलं होतं. हातात खैराचा टोकदार दांडका होता. या घरात मुळीला लोखंड लावत नसत. तेवढा नियम त्यांनी न विचारता पाळला.

दांडका मातीत टेकवला, तोच मागून ठकूआईचा आवाज आला.

“काय करतोस?”

“खणतोय. काल आवतण दिलं ना.”

“काय सांगितलंस काल झाडाला?”

सबनीस थांबले.

“सांग की. इसरलास?”

“आज झोप नको, असं सांगितलं.”

“मंग झोपेची मुळी कुनासाठी खणतोस?”

त्यांच्या हातातला दांडका तसाच राहिला.

ठकूआई जवळ आली, खाली बसली आणि झाडाच्या बुंध्याशी चाचपू लागली. कालचे दाणे ती शोधत होती. तिला दिसत नव्हतं, त्यामुळं माती, काडी, खडा, जे लागेल ते बोटांत धरून बघायची आणि टाकून द्यायची. सबनिसांना दाणे स्पष्ट दिसत होते. ते सांगायला वाकले, पण तिनं हातानंच त्यांना थांबवलं.

एक सापडला. मग दुसरा. तिसऱ्याला फार वेळ लागला.

“चौथा मुंगीनं नेला वाटतं,” ती म्हणाली. “ऱ्हाऊ दे. तिच्या नशिबाचा.”

तिनं सबनिसांचा हात ओढून घेतला आणि ते तीन पिवळे, ओलसर दाणे त्यांच्या तळव्यावर ठेवले. मग त्यांची बोटं एकेक करून मिटवली. तिच्याकडं काढलेल्या तीन वर्षांत तिनं कोणाचं आवतण माघारी घेतलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. असं काही करता येतं हेच त्यांना माहीत नव्हतं.

त्यांचं मनगट तिच्या हातात होतं. ते तिनं तसंच धरून ठेवलं. नाडी बघत होती की नुसतीच धरून बसली होती, कोण जाणे.

“मग मी काय करू?” सबनिसांनी विचारलं. आवाजात वैद्य नव्हता, शिष्यही नव्हता, सात महिने न निजलेला एक माणूस होता. “मला नाडी लागत नाही, ठकूआई. लोक हात पुढं करतात आणि मला काही ऐकू येत नाही. मला झोप हवी आहे.”

“रात्री घेतलंस का चाटण?”

“...घेतलं.”

“ती आली व्हती?”

“आली होती.”

“काय म्हनाली?”

“तेच. थोडं बसा, एक सांगायचंय.”

“अन् तू?”

मुठीतले दाणे त्यांनी घट्ट धरले होते.

ठकूआईनं त्यांचं मनगट सोडलं. काठीवर भार देऊन ती उठली, झाडाच्या बुंध्याशी दांडक्यानं उकरलेली चिमूटभर माती पायानं सारखी केली, आणि घराकडं चालू लागली. चार पावलं गेल्यावर थांबली. मागं वळली नाही.

“आज यील ती परत,” ती म्हणाली. “या बारीला तिला निजवू नको.”